दाजींची छाती

दाजी खोलीत शिरायचे तेव्हा आधी त्यांची छाती शिरायची आणि मग सवडीने दाजी. ते खुर्चीत बसले तरी पाठ टेकत नसत, कारण पाठ टेकली की छाती आत जाते. शर्ट मुद्दाम एक माप लहान घेत. त्यांच्या आईला वाटे, पोरगा अजून वाढतोय.

धाकटीला या छातीचा मनापासून तिटकारा होता. धाकटी म्हणजे दाजींच्या बायकोची लहान बहीण. आता तिच्या कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते आणि मोठ्या इस्पितळात खांद्याच्या शस्त्रक्रियांसाठी लोक तिच्या दाराबाहेर ताटकळत बसत, तरी घरात ती धाकटीच होती. दिवसभर ती निखळलेले खांदे बसवायची आणि फाटलेले स्नायू शिवायची. कातडी उघडली की सगळ्यांचं मांस सारखंच दिसतं हे तिला ठाऊक होतं, त्यामुळे बाहेरून फुगवलेल्या माणसांचं कौतुक करणं तिला काही जमत नसे.

दाजींची व्यायामशाळा होती. तिला कुणी जिम म्हटलेलं त्यांना चालत नसे. 'अकादमी' म्हणायचं. तिथे चारी भिंतींना आरसे होते, आणि व्यायाम करताना माणसाने स्वतःकडे बघावं म्हणून ते लावले आहेत असं दाजी सांगत. प्रत्यक्षात सगळ्यांनी सरांकडेच बघावं अशी आरशांची मांडणी होती. शिष्य त्यांना 'सर' म्हणत. सर त्यांना शिस्तीवर, त्यागावर आणि मुख्यतः खाण्यावर भाषणं देत. "या शरीरात जे आहे ते ताटातलं आणि घामातलं. बाहेरून एक थेंबही नाही," असं म्हणून ते दंड फुगवत आणि पोरं टाळ्या वाजवत. धाकटी एकदा म्हणाली होती, "ताटात एवढं काय असतं ते मलाही सांगा, इस्पितळाच्या जेवणात घालू." दाजी मोठ्याने हसले होते. त्यांना टोमणा कळला की नाही हे शेवटपर्यंत समजलं नाही.

ताई, म्हणजे धाकटीची थोरली बहीण, शाळेत गणित शिकवायची. मुलांना न ओरडता वर्ग शांत ठेवणारी बाई. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. त्यासाठी तिने काय काय केलं नव्हतं! पोटात सुया टोचून घेतल्या, गोळ्यांनी अंग सुजवून घेतलं, दुर्बिणीच्या तपासण्यांसाठी भूल घेऊन टेबलावर आडवी झाली, आणि दर वेळी रिकाम्या हाताने घरी येऊन दुसऱ्या दिवशी शाळेत उभी राहिली. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्यासमोर सुस्कारा टाकत, "माझा पोरगा बघा कसा भरदार! आता जमीनच खडकाळ निघाली, त्याला कोण काय करणार." ताई तेव्हा भाजी चिरत असली तर चिरत राही.

"दाजींच्या तपासण्या झाल्या का?" असं धाकटीने पूर्वी एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं.

"माझं सगळं फर्स्ट क्लास आहे," दाजी म्हणाले होते. "आणि ते काय मेव्हणीला दाखवायचे रिपोर्ट असतात का?"

सगळे खो खो हसले, आणि त्या हशात प्रश्न वाहून गेला.

तर, अकादमीचा वर्धापनदिन होता. ताईने आग्रह केला म्हणून धाकटी गेली आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर घड्याळाकडे बघत बसली. कार्यक्रमाचा कळस म्हणजे सर स्वतः बाकावर उताणे झोपून आजवर न उचललेलं वजन उचलणार होते. शेजारी पावडरवाला उभा होता. हा इसम डबाबंद पावडरी विकायचा, दाजी त्याला 'कोच' म्हणत, आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे एक डबा असे. दोन शिष्य दांडा सावरायला पुढे आले तर दाजींनी त्यांना हाताने मागे सारलं.

"कुणी हात लावायचा नाही."

दहा-वीस मोबाइल वर झाले. दाजींनी दांडा उचलला, हात ताठ केले, श्वास घेतला आणि दांडा हळूहळू छातीकडे उतरवायला लागले. अगदी खाली, छातीला टेकायच्या जरा आधी, एक आवाज झाला. ओली जाड चादर दोघांनी दोन बाजूंनी ओढून फाडावी तसा. दांडा धप्पकन अंगावर पडला. शिष्यांनी धावत तो उचलला. दाजी उठून बसले, चेहरा राखेसारखा झाला होता, उजवा हात पोटाशी धरला होता, आणि तशातही मोबाइलकडे बघून ते हसले.

"क्रॅम्प आलाय."

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

धाकटी टाळ्या वाजायच्या आधीच उठली होती. तो आवाज तिने पूर्वी ऐकला नव्हता, पण तो ऐकलेल्या पेशंटांनी तिला त्याचं वर्णन इतक्या वेळा केलं होतं की ओळखायला चूक होणं शक्य नव्हतं. ती गर्दीतून पुढे गेली.

"दाजी, हात हलवू नका. झोळीत बांधा, बर्फ लावा, आणि उद्या सकाळी माझ्याकडे या. हा क्रॅम्प नाही."

"अगं, आखडलाय जरा."

"मॅडम," पावडरवाला मध्ये पडला, "हे खेळाडूचं शरीर आहे. तुमच्या पुस्तकातलं नाही. गरम तेलाने दोनदा रगडलं की मोकळं होईल."

"ताज्या फाटलेल्या स्नायूला रगडलं की आत रक्त साचतं," धाकटी म्हणाली. "पण तुम्ही रगडा. तुमच्याकडे त्याचाही डबा असेल."

दाजी दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाही. पावडरवाला येऊन रगडून जात होता. शेवटी ताईचा फोन आला. "अगं, बगलेपासून कोपरापर्यंत हात वांग्यासारखा झालाय. शर्टाची बाही घालता येत नाही, गाडीचं दार ओढून लावता येत नाही, आणि तरी म्हणतात काही झालं नाही. मी घेऊन येते."

ती त्यांना घेऊन आली. पाठोपाठ सासूबाईही आल्या, कारण बाळाला सुई टोचणार असतील तर आई जवळ हवी.

दाजींनी शर्ट काढला आणि सवयीने छाती पुढे केली. डावी आली. उजवी आली नाही. धाकटीने त्यांना दोन्ही हात कमरेवर ठेवून जोराने आत दाबायला सांगितलं. डावीकडचा स्नायू ताठ उभा राहिला, आणि बगलेच्या पुढे जी जाड कड असते ती दोरखंडासारखी दिसली. उजवीकडे कडच नव्हती. तिथे बगल सरळ छातीत उतरत होती आणि सगळं मांस आखडून मधल्या हाडाजवळ एका गोळ्यात जाऊन बसलं होतं.

"बघा," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "एवढं दुखतंय तरी केवढा गोळा येतोय! ताकद लागते त्याला."

"मावशी, तो गोळा ताकदीचा नाही. स्नायू हाडावरून सुटलाय. तंबूची दोरी खुंटीवरून तुटली की कापड जसं गोळा होतं, तसं झालंय."

मग तिने दाजींचा हात धरून तो आत ओढायला सांगितलं. ज्या हाताने ते पोरांना भिंतीवर दाबून धरत, तो हात तिने दोन बोटांनी अडवला. दाजींच्या कपाळावर घाम आला. धाकटीला, खरं सांगायचं तर, थोडी मजा वाटली.

मग ती त्यांच्या पाठीमागे गेली आणि तिची मजा थांबली. खांद्यांवर आणि पाठीवर चाळिशीच्या माणसाला शोभणार नाहीत अशा पुटकुळ्या होत्या, सोळा वर्षांच्या पोराला येतात तशा. ती पुन्हा पुढे आली. दोन्ही स्तनाग्रांच्या मागे रबरासारखी गाठ हाताला लागली. तिने हात धुतले आणि पुसता पुसता म्हणाली, "ताई, एमआरआयची वेळ घ्यावी लागेल. मावशींना घेऊन खालच्या खिडकीवर जातेस? तिथे बसायला जागा आहे."

दोघी गेल्या. दार लागलं.

"काय घेता?"

"प्रोटीन," दाजी म्हणाले.

"मी पावडरचं विचारत नाही. सुईने काय घेता?"

दाजींनी आधी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघितलं, मग तिच्याकडे. "सगळेच घेतात गं. तू उगाच बाऊ करू नकोस."

"काय आणि कधीपासून?"

त्यांनी सांगितलं. पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं, आठवड्याला. कोच आणून देतो. मध्ये मध्ये थोडी विश्रांती. लग्नाच्या आधीपासून.

"स्नायू या औषधाने झपाट्याने वाढतो," धाकटी म्हणाली. "त्याला हाडाशी बांधणारी दोरी तेवढी वाढत नाही. म्हणून ती तुटली. ते एक झालं. दुसरं तुम्हाला माहीत आहे?"

"दुसरं काय?"

"बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं. पुरुषबीज बनवणंही बंद करतं. तुमच्या कोचच्या डब्यावर लिहिलेलं नसतं ते."

दाजी दचकले नाहीत, मांडीवरच्या शर्टाची बाही सरळ करत राहिले. आणि त्या न दचकण्यातूनच धाकटीला कळलं की हे त्यांना आज कळलेलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

"मध्ये बंद केली होती एकदा. दोन-तीन महिने. तेव्हाही काही झालं नाही."

"तपासून घेतलं होतं?"

"लॅबमध्ये जाऊन त्या बाटलीत... अगं, मला तिथे सगळे ओळखतात. सरांनी तिथे रांगेत उभं राहायचं? तिच्या डॉक्टरांना सांगून टाकलं, माझा रिपोर्ट नॉर्मल आहे." ते जरा चिडले. "आणि बंद केली की मी उतरतो. महिन्याभरात उतरतो. समोर पोरं उभी असतात माझ्या. तुला नाही कळणार."

धाकटीने आयुष्यात बरीच माणसं पाहिली होती. गाडीखाली माणूस चिरडून स्वतःच्या खरचटलेल्या कोपराची पट्टी मागणारा एक पाहिला होता. पण एवढी भरगच्च छाती आणि तिच्या आत एवढं सपाट काही, असं तिने पाहिलं नव्हतं. रांगेत उभं राहायची लाज वाटते म्हणून या माणसाने ताईला इतकी वर्षं टेबलावर झोपवलं होतं.

"मी ताईला काही सांगणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही दुर्दैवाने माझे पेशंट आहात. पण ती सुट्टी लागली की पुन्हा भूल घेणार आहे, त्याच्या आधी तुम्ही सांगायचं. आणि ऑपरेशन लवकर करायचं. मी करणार नाही, आमचे मोठे डॉक्टर करतील. ते आणि भूल देणारे डॉक्टर हाच प्रश्न विचारतील. इंजेक्शनं आजपासून बंद. पुढे काय करायचं ते हार्मोनचे डॉक्टर सांगतील."

"आणि ऑपरेशन नाही केलं तर?"

"मरणार नाही. पेन उचलाल, जेवाल. ढकलायचं बळ येणार नाही, आणि ही बाजू अशीच दिसेल."

दाजींनी स्वतःच्या उजव्या बाजूकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांचे डोळे भरून आले.

एमआरआयमध्ये जे हाताला लागलं होतं तेच दिसलं. स्नायूची दोरी दंडाच्या हाडावरून समूळ सुटून आत सरकली होती. मोठ्या डॉक्टरांनी तारीख दिली. त्या तारखेला दाजी आले नाहीत.

कोचने त्यांना समजावलं होतं. "एकदा सुरी लागली की संपलं, सर. हात गळ्यात, व्यायाम बंद, औषध बंद. तुम्ही बाहेर याल तेव्हा तुमचेच कपडे तुम्हाला ढगळ होतील." हे ढगळ कपड्यांचं चित्र दाजींच्या काळजात घुसलं. कोचने दंडाला पट्ट्या चिकटवल्या, नवा डबा दिला, आणि सरांनी अकादमीत जाकीट घालून फिरायला सुरुवात केली. ऐन उन्हाळ्यात. व्हिडिओतही ते आता डाव्या बाजूनेच दिसत. एका व्हिडिओत ते म्हणाले, "दुखापत शरीराला होते, मनाला नाही." धाकटीने तो जेवताना पाहिला आणि घास तसाच खाली ठेवला.

तिने फोन केला. "दाजी, सांगितलंत?"

"वेळ बघून सांगतो ना. घरात आईची तब्येत—"

"मावशींची तब्येत उत्तम आहे. मी कालच त्यांच्याशी बोलले. त्या मला ताईच्या पत्रिकेतला दोष समजावत होत्या."

"तू असं धारेवर धरू नकोस मला."

"दाजी, दिवस जातायत. सुटलेला स्नायू आत चिकटत चाललाय. आज हाडापर्यंत ओढता येईल, उद्या दुसरीकडचा तुकडा जोडावा लागेल. आणि मी फक्त स्नायूबद्दल बोलत नाही."

त्यांनी फोन ठेवला. धाकटी बराच वेळ हातातल्या फोनकडे बघत राहिली. ताईचा नंबर डोळ्यांसमोर होता. एक बटण दाबायचं, चार वाक्यं बोलायची, बस्स. पण पेशंटने दाराआड सांगितलेलं दाराआडच ठेवायचं, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की तिचं बोट पुढे सरकेना. तिला दाजींचा राग आला, नियमाचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या बोटाचा आला.

दोन दिवसांनी दुपारी ताईच इस्पितळात आली. शाळेतून परस्पर आली होती, हाताला खडूची पांढरी भुकटी होती. दोघी कँटीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर बसल्या.

"ते ऑपरेशन का टाळतायत?" ताईने विचारलं. "भितात म्हणावं, तर दात काढताना हसत बसले होते. काय आहे?"

"त्यांना विचार."

"त्यांना विचारलं. म्हणतात, धाकटी उगाच घाबरवते. तू घाबरवणारी नाहीस. म्हणून तुला विचारतेय."

"ताई, हे मला विचारू नकोस."

ताईने कप खाली ठेवला. वर्गात एखाद्या मुलाने उत्तर बरोबर आणि रीत चुकीची लिहिली की ती जशी बघत असे, तशी ती बहिणीकडे बघत राहिली.

"म्हणजे विचारण्यासारखं काहीतरी आहे."

धाकटीने बशीत सांडलेला चहा कपात ओतला.

"त्यांच्या तब्येतीचं आहे?"

धाकटी गप्प.

"की माझ्या?"

धाकटीने मान वर केली नाही. पलीकडे कुणीतरी ट्रे आदळला. ताई उठली, खुर्ची टेबलाखाली नीट सारली आणि म्हणाली, "बरं. उद्या तुझी ओपीडी किती वाजता असते?"

दुसऱ्या दिवशी तिघं आली. दाजी जाकीट घालून, सासूबाई तोंड पाडून, आणि ताई सगळ्यात पुढे. धाकटीने समोरचा पेशंट संपवला आणि दार लावून घेतलं. ताईने नवऱ्यासाठी खुर्ची ओढली, ती अशी की त्याला आपल्याकडेच बघावं लागावं.

"अहो, काल रात्रभर मी विचारतेय आणि तुम्ही विषय बदलताय," ती म्हणाली. "आता डॉक्टर समोर आहे. जे तिला सांगितलंत ते मला सांगा."

"तिने काय सांगितलंय तुला?" दाजींनी मेव्हणीकडे जळजळीत पाहिलं.

"एक अक्षर नाही. तेच मला खटकलं. सांगा."

दाजींनी छाती काढायचा प्रयत्न केला. ती अर्धीच निघाली. मग ते बोलायला लागले. आधी खेळाविषयी बोलले, मग स्पर्धेविषयी, आजकालच्या जमान्याविषयी, पोरांच्या अपेक्षांविषयी. ताई थांबली. भाषण आपोआप आटलं आणि तळाशी राहिलेलं तेवढं बाहेर आलं. इंजेक्शनं घेतो. बरीच वर्षं.

"इंजेक्शनं म्हणजे व्हिटॅमिनची ना रे बाळ?" सासूबाईंनी विचारलं.

ताईने बहिणीकडे तोंड वळवलं. "त्याने काय होतं?"

आता विचारणारी समोर होती, सांगणारा तोंडाने कबूल झाला होता. धाकटीने दाजींकडे पाहिलं. "सांगू?" दाजींनी मान खाली घातली आणि हलवली. तिने सांगितलं. सोप्या शब्दांत, जसं कुठल्याही पेशंटच्या बायकोला सांगितलं असतं तसं.

ताई रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून," दाजी पुटपुटले.

"आणि मी टेबलावर जायचे तेव्हा बाहेर बाकावर तू बसलेला असायचास." ती त्याला कधीच अरेतुरे करत नसे. "मला शुद्ध आली की तू माझा हात धरायचास. 'धीर सोडू नकोस' म्हणायचास."

"मला खरंच वाटायचं की होईल."

"तुझी आई मला खडकाळ जमीन म्हणायची तेव्हा तू बाजूलाच दंडाला तेल लावत असायचास."

सासूबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ताई त्यांच्याकडे नुसती वळली. त्या बाईंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंड न बोलता मिटलं.

"बंद केलं तर पूर्ववत होतं का?" ताईने विचारलं. प्रश्न डॉक्टरला होता.

"बऱ्याच जणांचं होतं. वेळ लागतो. सगळ्यांचं होतं असं नाही."

"ठीक आहे. ते आता माझं गणित नाही." ती उठली. "ऑपरेशन अजून होऊ शकेल ना?"

"होईल. कठीण झालंय, पण होईल."

"मग करून टाका. अर्धवट हाताने तो आणखी कुणावर तरी टेकायला बघेल."

ऑपरेशन मोठ्या डॉक्टरांनी केलं. उशीर झाल्यामुळे स्नायू आत बरगड्यांना चिकटला होता. तो सोडवून, ओढून, दंडाच्या हाडात धागे ओवलेले बारीक खिळे बसवून त्या धाग्यांनी शिवावा लागला. कसाबसा पोचला. धाकटी आत गेली नाही, बाहेर बाकावर बसून राहिली. बाहेर आल्यावर मोठे डॉक्टर म्हणाले, "शिवलंय. पण यांना सांगा, सहा महिने दांड्याकडे बघायचंसुद्धा नाही. माणूस ऐकणारा वाटत नाही."

"आता ऐकतील," धाकटी म्हणाली. "त्यांचं ऐकायला दुसरं कुणी उरलेलं नाही."

दाजींचा हात गळ्यातल्या झोळीत अडकला. काही आठवडे त्यांना तो हलवायची मनाई होती. शर्टाची बटणं सासूबाई लावत, दाढी सासूबाई करत, आणि एकदा दाढी करताना कापलं तेव्हा सरांनी एवढा आरडाओरडा केला की शेजारी धावत आले. कोच दोनदा भेटायला आला, आणि तिसऱ्यांदा त्याने गावातच दुसऱ्या व्यायामशाळेत डबे मांडले. इंजेक्शनं बंद झाल्यावर कपडे खरंच ढगळ झाले. व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी झोळी काढून पहिल्यांदा हातात रबराचा पट्टा दिला तेव्हा दाजी हिरमुसून म्हणाले, "एवढंच?" बाई म्हणाल्या, "एवढं जमतंय का ते बघू आधी." जमलं नाही.

सावरल्यावर त्यांनी नवा व्हिडिओ टाकला. त्यात ते डोळे पुसत म्हणाले की काही माणसं संकटात साथ सोडतात, पण खरा लढवय्या एकटाच लढतो. इंजेक्शनांबद्दल अवाक्षर नव्हतं. खाली शिष्यांनी लाल बदामांची रांग लावली होती. धाकटीने तो पूर्ण पाहिला, आणि तिला राग येण्याऐवजी जांभई आली.

ताई तोवर शाळेजवळच्या दोन खोल्यांत राहायला गेली होती. सामान फार नव्हतं. एका रविवारी धाकटी मदतीला गेली. दोघींनी मिळून लोखंडी कपाट आतल्या खोलीत न्यायला घेतलं. ते दारात अडकलं. धाकटीने तिरपं करून बघितलं, ताईने आडवं करून बघितलं, आणि शेवटी दोघी दोन बाजूंना धापा टाकत उभ्या राहिल्या, मध्ये कपाट.

"तू मला त्याच दिवशी का नाही सांगितलंस?" ताईने विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून प्रश्न जास्त लागला.

"तो माझा पेशंट होता, ताई."

"आणि मी?"

धाकटीने कपाटाच्या कडेवर कपाळ टेकलं. पत्रा गार होता.

पलीकडून ताई म्हणाली, "चल, उचल. माझ्याकडून ढकलते, तू खालून धर. पाठ वाकवू नकोस हं, गुडघ्यातून उचल."

कपाट आत गेलं. दाराच्या चौकटीचा रंग मात्र हातभर खरवडून निघाला.